कापसातला ससा

उन्हात टाकलेली उशी दुपारी खोलीत आणली, की तिला अजून आमच्या नेरच्या घरातल्या कापसाचा वास येतो, आणि मला माझं अकरावीचं वर्ष आठवतं. भाव चढेल म्हणून बाबांनी सगळा कापूस समोरच्या खोलीत भरला होता. छताला टेकलेली गंजी, आणि त्या कापसाने खाज सुटून आम्ही दिवसभर अंग खाजवत फिरायचो. त्यात मी मैत्रिणीकडून पांढरा ससा आणलेला. "घरात माणसाले जागा नाही, अन् हे कायले आणलं?" असं बाबा रोज विचारायचे. शेवटी कापूस न्यायला गाडी दारात लागली, हमाल गंजीवर चढले, आणि नेमका ससा सापडेना. पांढऱ्या कापसात पांढरा ससा कुठे शोधायचा? मी रडायलाच लागले. तेवढ्यात बाबाच ओरडले, "उतरा रे खाली! पायाखाली येईन तो!" मग त्यांनी स्वतः हाताने कवेकवेने कापूस बाजूला केला. अगदी भिंतीला लागून ससा बसला होता, आणि त्याच्या पोटाशी गुलाबी पिल्लं वळवळत होती. म्हणजे ससा नव्हताच तो, सशीण होती! बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. बाबा हमालांना हळू आवाजात म्हणाले, "तेवढा कोपरा राहू द्या. बाळंतीण आहे घरात." त्याच कोपऱ्यातल्या कापसाची सरकी काढून आईने पुढे ही उशी भरली. आता मी शिकायला बाहेरगावी असते. बाबांचा फोन आला की आधी सशांचं सगळं सांगून होतं, आणि मग आठवल्यासारखं विचारतात, "अन् तू जेवली का?"