न फवारायचा तुकडा

आमच्या वहिनीला ऑफिसात सगळे 'झटकीबाई' म्हणतात. वाटाण्याच्या ओळींमध्ये पांढरं कापड अंथरायचं, झाडं झटकायची आणि पडलेल्या अळ्या मोजायच्या, हे तिचं काम. मी तिची नणंद, त्याच संशोधन केंद्रात टायपिस्ट. नणंदेनं भावजयीची बाजू घ्यायची नाही असा दंडक असेल, तर तो मी कधीच मोडलाय.

साहेबांची पद्धत जाळीची. पिकावरून जाळी फिरवली, सापडलं ते मोजलं, संपलं. त्या आकड्यांवरून फवारणी कधी करायची ते शेतकऱ्यांना कळवतात. पण ऊन चढलं की अळ्या खाली उतरतात आणि जाळी फिरते वरच्यावर. आकडा कमी येतो आणि सल्ला पोहोचेपर्यंत शेंगा पोखरून झालेल्या असतात. वहिनीनं भांडून भांडून वाटाण्याचा एक तुकडा मागून घेतला होता. त्यावर औषध मारायचं नाही, दोन्ही पद्धतींनी मोजायचं आणि जाळी किती चुकते ते हंगामाअखेर केंद्र बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर दाखवायचं. त्या तुकड्यापायी हंगामभर घरात भाजी करपली, पण आम्ही ब्र काढला नाही.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ती तुकड्यात शिरली आणि वासानंच थबकली. तशीच तरातरा साहेबांच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

"माझ्या तुकड्यावर फवारायला कुणी सांगितलं?"

"मी. पाहुण्यांना काय किडकं रान दाखवायचं?" साहेब चहा ढवळत म्हणाले. "पुढच्या वर्षी करा की पुन्हा."

तो चहा त्यांच्या डोक्यावर ओतावा असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

दुपारी पाहुण्यांसमोर आधी जाळी फिरली, मग वहिनीला झाडं झटकायला लावलं. जाळी रिकामी, कापडही रिकामं.

"बघा, दोन्ही पद्धती तंतोतंत जुळतात," साहेब म्हणाले. "मग कापडाचा खटाटोप हवा कशाला?"

इतका निर्लज्जपणा मी आजवर पाहिला नव्हता. वहिनी कापडाची घडी घालत होती. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका बाईंनी शेंग तोडली, सोलली, दाणे तोंडात टाकले. बाकीच्यांनीही झाडांना हात घातला. साहेबांनी नुसताच घसा खाकरला.

"खाऊ नका," वहिनी म्हणाली. "काल संध्याकाळी विष मारलंय यावर. म्हणूनच अळ्या नाहीत. आधी तोंड आणि हात धुवा."

बाईंनी दाणे थुंकले आणि साहेबांकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

सगळे शेंगा तोडत होते, तेव्हा साहेबांनी एकाही शेंगेला हात लावला नव्हता.