तिनं सांगितलेल्या बिस्कीटवड्या

उचगावच्या या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा इथलं स्वयंपाकघर आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला सरावलेलं होतं. माझं हे दुसरं लग्न, आणि ह्यांचंही. माझं पहिलं मोडलं होतं. ह्यांची पहिली बायको चार दिवसांच्या तापानं गेली होती, त्याला दोन वर्षं झाली होती. मागं एक मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. मुलगी आई गेली तेव्हा साडेचार वर्षांची होती, मी आले तेव्हा साडेसहाची. ती मला मावशी म्हणू लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिनं आपणच ठरवलं.

बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्तीशेजारी पहिलीचा फोटो. त्याचं मला काही वाटायचं नाही. फोटो जागच्या जागी असतो. त्रास व्हायचा तो स्वयंपाकघरात. गॅस पेटवायला माझा उजवा हात लायटरकडं जायचा आणि तिथं नुसती भिंत असायची. लायटर डावीकडच्या खिळ्याला. झारा, उलथनं, चिमटा, सगळं डावीकडं. मी एकेक वस्तू उजवीकडं आणून ठेवायची आणि दोन दिवसांत ती परत आपल्या जागी गेलेली असायची. शेवटी मी आत्तींना विचारलं.

"ती डावरी हुती," आत्ती म्हणाल्या. "आमाला आता त्याचीच सवय झालीया. हात तिकडंच जातोय."

मी नाद सोडला. काही महिन्यांनी मुरगूडला माहेरी गेले होते. आईनं चहा ठेवायला सांगितला, तर मी डाव्या हातानं लायटर शोधायला लागले. आई बघतच राहिली. "तुला काय झालंय गं?" म्हणाली. मी हसून वेळ मारून नेली, पण परत येताना एसटीत सबंध वाटभर मी माझ्या डाव्या हाताकडं बघत होते.

त्या वर्षीच्या डिसेंबरात एकदा वेणी घालून घेताना मुलगी म्हणाली, "मावशी, नाताळची सुट्टी लागली की आपल्यात बिस्कीटवड्या असत्यात."

"कसल्या बिस्कीटवड्या?"

"वर गुलाबी आयसिंग. त्याच्यावर रंगीत बडीशेप. चौकोनी."

कोण करायचं ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ह्यांना विचारलं तर ते बूट घालता घालता म्हणाले, "बेकरीतनं आण की." आणि फौंड्रीत निघून गेले. आत्तींना विचारलं. ह्यांची पहिली बायको बालवाडीत शिकवायची. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी वर्गातल्या पोरांसाठी ती ताटभर वड्या करून न्यायची, थोड्या घरी ठेवायची, एवढं त्यांनी सांगितलं. "करायचं कसं ते मला काय ठाव न्हाय. ओव्हन माळ्यावर हाय, चादरीत गुंडाळून ठेवलाय."

ओव्हन मी खाली काढला. आतल्या चौकोनी ट्रेच्या कोपऱ्यात जुन्या वडीचा करपट चुरा अजून चिकटलेला होता. घासून काढायला जीव होईना, पण तसाच कसा वापरणार? भिजत घातला आणि घासला.

शेजारच्या काकू भिंतीपलीकडून हे सगळं बघत होत्या. दुपारी मला हाक मारून म्हणाल्या, "मला विचारलीस तर मी सांगितलं असतं की. माझ्याकडं हाय ते."

"लिहून ठेवलंय?"

"लिहून न्हाय." त्यांनी पदराखालून मोबाईल काढला. "मला वाचायला चष्मा लागतोय आणि चष्मा मला कधी सापडत न्हाय. म्हणून तिला म्हटलं, तू बोलून धाड, मी ऐकत ऐकत करते. पाच वेळा बोललीया. मी पुसलं न्हाय. मन झालं न्हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुला ऐकवंल काय?"

मी व्हय म्हणाले. त्यांनी ते पाचही निरोप माझ्या मोबाईलवर पाठवले.

दोन दिवस मी ते उघडले नाहीत. तिचा आवाज माझ्या मनात आधीच तयार होता. फोटोतला चेहरा बघून मी तो बेतला होता: बारीक, गोड, बालवाडीच्या बाईचा. तो आवाज माझ्याशी फारसं बोलायचा नाही. माझी भाकरी वाकडी झाली की बघायचा फक्त. आवाज बघतो असं म्हणणं वेड्यासारखं आहे, पण तसंच होतं.

शनिवारी दुपारी घर रिकामं होतं. आत्ती माझ्या नणंदेकडं गेल्या होत्या, हे कामावर, मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी थांबणार होती. मी मैदा चाळून घेतला, मोबाईल ओट्यावर उभा केला आणि पहिला निरोप लावला.

"काकू, ऐका. आधी लोणी."

जाड आवाज. घोगरा. फोटोतल्या चेहऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मी दोन पावलं मागं सरकले.

"घरचं लोणी घेतलासा तर तीनदा गार पाण्यातनं धुवा. ताकाचा वास राहिला की सगळं बिघडतंय. एक वाटी लोणी, एक वाटी साखर. हातानंच फेसा. पांढरं फेक व्हायला पायजे. दमला तरी थांबायचं न्हाय."

"व्हय," मी मोठ्यानं म्हणाले. आपण बोललो हे नंतर लक्षात आलं.

लोणी धुतलं. फेसायला लागले. दुसऱ्या निरोपात दोन अंडी आणि इसेन्स, तिसऱ्यात अडीच वाट्या मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. चौथ्यात ती म्हणाली, "ट्रेमधी हातानं थापा, पोळीसारखं लाटत बसू नका. कडा तांबूस झाल्या की बाहेर काढा. मधी कच्चं वाटंल, तवाच काढायचं. गार झाल्यावर धरतंय. माझं ऐका, तुमी लई भाजताय सगळं." आणि हसली. हसता हसता खोकली.

मी तिचं ऐकलं. कडा तांबूस झाल्या तसा ट्रे काढला. घरभर वास पसरला, आणि मला वाटलं की हा वास या भिंतींना माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे. भीती वाटली का? वाटली. भरदुपारी, दार उघडं, बाहेर भंगारवाला ओरडत चाललेला, तरी माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी उभं आहे आणि मी ओट्यावरून कधी बाजूला होते याची वाट बघतंय, असं वाटलं. मी वळून बघितलं नाही. "झालंच," म्हणाले. "पाच मिनिटं."

वडी गार झाल्यावर मी आयसिंगसाठी वाटीत लोणी फेसायला घेतलं आणि पाचवा निरोप लावला.

"आता आयसिंग. पूर्ण गार झाल्याबिगर लावायचं न्हाय, लावलासा तर वघळून जातंय सगळं. लोणी, पिठीसाखर, दोन चमचे दूध, रंगाचा एकच थेंब..." आणि मग मागून एक बारीक आवाज, "आई, मी चाटू?" लगेच ती, मोबाईलपासून तोंड वळवून, "हात धुतलास का? धू जा आधी." पाण्याचा आवाज. भांडं पडल्याचा आवाज. मग पुन्हा जवळ येऊन, "हां काकू. बडीशेप आयसिंग ओलं असतानाच टाका. आणि काय अडलं तर हाक मारा. मी हाय घरातच."

संपलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"परत लाव."

मुलगी दारात होती. पाठीवर दप्तर, एका पायात बूट, दुसरा हातात. तयारी लवकर संपली होती. तिनं किती ऐकलं ते मला कळलं नाही. मोबाईल उलटा करून ठेवावा असं मनात आलं, पण तिच्या तोंडाकडं बघून ते जमलं नाही. मी परत लावलं.

"ते मी हाय," ती म्हणाली. "चाटू म्हणणारी."

"व्हय."

"परत."

तिसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटून घेतले. रडली नाही. कपाळाला आठ्या घालून, गणित चुकल्यावर बसते तशी उभी राहिली.

"मावशी, आईचा आवाज असा होता?"

"असाच असंल की. तीच बोलतीया."

"मला वाटायचं, तुझ्यासारखा होता." तिनं दप्तर खाली ठेवलं. "आई आठवली की ती तुझ्या आवाजात बोलायची."

वर्षभरात मी त्या घरातलं काही घेतलं नव्हतं. तिची साडी नेसले नाही, तिच्या कपाटाला हात लावला नाही. आणि मुलीच्या डोक्यातला तिचा आवाज मात्र मी घेऊन बसले होते, मला पत्ताही नव्हता. माझे हात लोण्यानं माखलेले होते. तसेच ते पदराला पुसले आणि मुलीला जवळ घ्यायला गेले, तर ती म्हणाली, "आयसिंग मी लावणार." मी वाटी तिच्या पुढं सरकवली. ती आधी मोरीवर गेली आणि हात धुऊन आली.

सहाच्या सुमाराला ह्यांची गाडी फाटकाशी थांबली. मी खिडकीतून बघत होते. ते उतरले, डबा हातात घेतला, आणि फाटक उघडता उघडता तिथंच थांबले. वास बाहेरपर्यंत गेला होता. थोडा वेळ मान खाली घालून उभे राहिले, मग परत गाडीवर बसले आणि निघून गेले. तासाभरानं आले. तोवर आत्तीही आल्या होत्या.

मुलीनं पळत जाऊन सांगितलं, "पप्पा, मावशीच्या मोबाईलमधी आई बोलती!"

ह्यांचा चेहरा उतरला. "कुणी दिलं तुला?" मला विचारलं.

"काकूंनी. मीच मागितलं."

"पुसून टाक ते."

"माझ्या मोबाईलवरचं पुसीन. पण हिनं ऐकलंय आता. हिच्या कानातलं कसं पुसू?"

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात एक जुना मोबाईल होता, काच तडकलेला. "हा तिचा," म्हणाले. "महिन्यातनं एकदा चार्जिंगला लावतो. उघडला न्हाय अजून. तीन वर्षं झाली. आणि तू एका दुपारी..."

आत्ती पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पुसायचं न्हाय. आधी मला ऐकव."

मी मोबाईल त्यांच्या कानाला लावला. हे उठून अंगणात गेले. आत्तींनी पाचही निरोप ऐकले. मुलीनं त्यांच्या हातात वडी दिली होती. ती तशीच धरून ठेवली, आणि आयसिंग वितळून गुलाबी ओघळ त्यांच्या बोटांवरून मनगटापर्यंत गेला. मी ओल्या फडक्यानं पुसलं.

त्यानंतर बरेच दिवस मी स्वयंपाकघरात एकटी असले की तो घोगरा आवाज यायचा. वरणाला फोडणी देताना, कणीक मळताना. रागावायचा नाही, शिकवायचा. लई भाजताय. दमला तरी थांबायचं न्हाय. एकदा तर दूध उतू जायच्या बेतात होतं आणि मी तिला हाक मारली. नावानं. आत्तींनी बाहेरून ऐकलं, पण विचारलं काही नाही. मला वेड लागतंय की काय असं वाटून मी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "मला बी येतोय की आवाज. मी उत्तर देते. तू बी देत जा."

मग दर डिसेंबरात वड्या व्हायला लागल्या. निरोप लावायचे, तसं तसं करायचं. निरोप सुरू झाले की हे चप्पल घालून बाहेर पडायचे आणि तासाभरानं यायचे. यायचे तेव्हा एक वडी खायचे.

या वर्षी मुलगी अकरा वर्षांची झाली. म्हणाली, "मी एकटी करणार. तुमी दोघं बाहेर बसा." मी अंगणात खुर्ची टाकून बसले. हे शेजारी, जायच्या तयारीत, एका पायात चप्पल. आतून आवाज आला, "काकू, ऐका. आधी लोणी." हे उठले नाहीत. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर उठले असते.

आत आई सांगत होती आणि मुलगी करत होती. मधूनच मुलगी "हां, घातलं" असं म्हणायची. निरोपातल्या चार वर्षांच्या मुलीचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, भांडं पडलं. बाहेर आम्ही दोघं पावण्यांसारखे बसून होतो.

"असा नव्हता तिचा आवाज," हे एकदम म्हणाले.

मला आधी कळेचना.

"सर्दी झालती तिला त्या आठवड्यात. घसा बसलेला. वाफ घेत होती रोज. आवाज असा नव्हता."

चार वर्षं मी ज्या आवाजाशी बोलत होते, मुलगी जो पाठ करत होती, तो सर्दीचा होता.

"मग कसा होता?" मी विचारलं.

त्यांनी पुष्कळ वेळ आठवून बघितलं. ओठ हलवून बघितले, जणू तिचा एखादा शब्द म्हणून बघत होते. मग मान हलवली.

"आता सांगता येत न्हाय," म्हणाले.

तिच्या मोबाईलमध्ये असेल कदाचित, बऱ्या आवाजातलं काही. तो कपाटातच आहे. मी तसं म्हणाले नाही, आणि मुलीलाही हे अजून सांगितलेलं नाही. ती ताट घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या नाकाला मैदा लागला होता. वड्या वेड्यावाकड्या कापलेल्या होत्या. ह्यांनी एक उचलली, मी एक उचलली.

"कशी झालीया?" तिनं विचारलं.

"मधी जरा कच्ची हाय," मी म्हणाले.

"तशीच असती," ती म्हणाली, आणि ताट घेऊन काकूंकडं गेली.