तारेवरचा भरवसा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी सळयांच्या मोळ्या बांधल्या, जलमभर. शाळेचं तोंड बघितलं नाय, पन तारेला पीळ कसा द्यायचा ते मला इचारा. बायपास झाल्यावर डाक्तर बोलला, "छातीचं हाड मधोमध कापलं होतं, ते स्टीलच्या तारांनी बांधलंय. तीन महिने वजन उचलायचं नाही." मला हसू आलं. तार म्हंजे आपलंच खातं.

बायको बोलली, "आवो, आता तुमीच मोळी, गप पडून र्‍हावा."

चवथ्या आठवड्यात शेजार्‍याला शानपना दाखवायला भरलेला गॅसचा बाटला उचलला. "स्टीलची तार हाय, तुटंल व्हय?" छातीत टक् झालं. मग श्वास घेतला की टक्, कूस बदलली की टक्.

डाक्तरनी फोटो दाखवला. "तार शाबूत आहे. तारेनं हाड कापलं. तुम्ही लोखंडाला तार बांधता, मी जित्या हाडाला बांधली होती."

परत उघडलं मला. या खेपेला पट्ट्या नि स्क्रू. नि तीन महिने पयल्यापासून.

त्यातले दोन सरले नि बायको गेली. सकाळी पाठीला हात लावून मला उठवलं, चहा ठेवला, नि ओट्यापाशीच खाली बसली ती बसलीच. डोक्यातली नस फुटली, दवाखान्यात बोलले. हृदय माझं बिघडलेलं, गेली ती. मी गप पडलो असतो तर पयले तीन महिने एवाना भरले असते.

मला तिला खांदा द्यायचा व्हता, बस. तिरडीपाशी गेलो तसा मेव्हन्यानं दंड धरला. "दाजी, नका. ताईनं बजावलंय मला, ह्यांना काय उचलू देऊ नको."

"आरं, ती काय ओझं हाय?"

तो रडला, पन दंड सोडला नाय.

मग मी मागनं चाललो. खोकला आला तर छातीशी दाबायची उशी काखेत. सुकापूरच्या रस्त्याला लोक बघत व्हते, मयताच्या मागं हा कोन येडा उशी घेऊन निघालाय. खोकला आला नाय. रडताना बी हाड दुखतं, ते डाक्तरनी सांगितलं नव्हतं. उशी दाबून धरली.

वाटेत दोनदा खांदे बदलले. खांद्याला ये म्हनून कोनी माझ्याकडं बघितलं नाय.