ओढ्यापलीकडचा परदेश

पुणं सोडतानाच माझं डोकं फिरलं होतं. लढाई नुकती संपलेली. विलायतेतल्या एका शिलाई मशीनच्या कंपनीला आपल्याकडच्या संस्थानांत दुकानं काढायची होती आणि कायद्याची बाजू बघायला वकील हवा होता. माझ्या दारात पक्षकारांची काही झुंबड उडाली नव्हती, म्हणून निघालो. साहेबलोकांच्या मते हिंदुस्थान म्हणजे एक देश, एक कायदा. त्यांना कोण सांगणार, की सातारा जिल्ह्यातून सांगलीच्या बाजूला जाताना बैलगाडीचं एक चाक खालसा मुलखात (इंग्रजांच्या अमलात) असतं आणि दुसरं कुणा राजाच्या!

कराडला आगगाडीतून उतरलो आणि मोटारीनं विट्याला आलो. धुळीनं माझा काळा कोट भुरा झाला. विट्याच्या अलीकडंच ऊस संपला आणि माळ सुरू झाला. जिकडं बघावं तिकडं कुसळं, बोरी-बाभळी आणि मेंढरं.

विट्याला मला न्यायला धोंडीराम गाडी घेऊन आला होता. कंपनीनं याला आपला दुकानदार म्हणून पसंत केलं होतं. मूळचा मेंढपाळाचा पोर, पण पलटणीत शिवणकाम शिकला. मिसर देशात लॉरीखाली उजव्या हाताची बोटं गेली. आता कापड कापता येत नव्हतं, मशीन मात्र दुरुस्त करता यायचं, विकता यायचं.

"दुकान झालं तर जगलो, वकीलसाब," तो गाडीत म्हणाला. "न्हाईतर मेंढरं न्हाईत, रान न्हाई, आन् आता हातबी न्हाई."

त्याचं गाव खालशात. पेठ मात्र ओढ्यापलीकडं, संस्थानात. ओढा कसला, नुसती वाळू! दुकानाची जागा त्यानं त्या पेठेत बघून, सारवून ठेवली होती. कंपनीची अट एकच, करारात त्याचं आणि त्याच्या बायकोचं अशी दोन नावं होती, जागा त्यांतल्याच एकाच्या नावावर हवी. संस्थानाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. बाजरीची भाकरी, ठेचा आणि माडगं (हुलग्याची पातळ लापशी). त्याची बायको रखमा मोठी तोंडाळ आणि मायाळू.

"खावा की! पुन्याकडं निस्ता वासच घेत्यात व्हय?"

मग संस्थानच्या कचेरीत निघायचं म्हणून ती नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावू लागली. "हलू नगासा वो, न्हान पोरावानी," असं दटावत होती. तो हसत उभा होता. इतकं गोड जोडपं मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

कचेरीत कारभारी सभ्य निघाले. चहा आला. कंपनीचा परवाना तो चहा संपायच्या आत मंजूर झाला. मी खूश! मग जागेचा विषय निघाला.

"जागा परस्थाला देता येत नाही," कारभारी म्हणाले.

"परस्थ कोण?"

"हे." त्यांनी धोंडीरामकडं बोट केलं. "आमच्या संस्थानची रयत नाहीत."

"अहो, कंपनी सातासमुद्रापलीकडची, ती चालते! आणि हा ओढा ओलांडून आलेला माणूस परका?"

"कंपनीसाठी वरून शब्द आलाय. यांच्यासाठी कुणाचा आलाय?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण कायदा तसाच होता. तेवढ्यात रखमाचा भाऊ महादू पुढं झाला. तो त्या पेठेतलाच. "मंग भनीच्या नावावर करा की, सायेब. तिचा जलम हितला हाय."

"लग्न झालेली बाई नवऱ्याच्या मुलखाची. तो नसता, किंवा काडीमोड झाली असती, तर ती पुन्हा माहेरची रयत," कारभाऱ्यांनी समजावून सांगितलं. काडीमोड म्हणजे पंचांसमोर गवताची काडी मोडून नवराबायकोनं वेगळं होणं.

बाहेर येताच महादू म्हणाला, "नावाला मोडा की रं! कोन बघतंय?"

"अजिबात नको," मी ओरडलोच. "हे काही खोटं खरेदीखत नव्हे!"

"पंच आमचंच हायत, वकीलसाब," धोंडीराम म्हणाला. "समद्यांस्नी ठावं हाय, ती खोटी हाय म्हून."

रखमाही सोबत आली होती, ती कचेरीच्या पायरीवर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पोटाचं बघाया पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्या देवळापुढं पंच बसले. धोंडीरामच्या थोट्या हातातून काडी निसटू लागली. "आना हिकडं," म्हणून रखमानं ती घेतली आणि मोडली. लोक हसले. तेही दोघं हसले. दुपारपर्यंत जागा तिच्या नावावर झाली. धोंडीरामनं नवं कोरं मशीन जागेवर मांडलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा पुसलं.

दिवस कलला तसा तो म्हणाला, "चल गं, घरला."

रखमा उठली. पंचांतले म्हातारे तात्या दुकानाच्या उंबऱ्याशी बसले होते. त्यांनी काठी आडवी धरली. "कुटं निगालीस?"

"आवं तात्या, ती नावाला मोडली न्हवं का?"

"नावाला जिमीन ल्हिवून देत्यात, पोरा. काडी नावाला मोडत न्हाईत. आता ती भावाच्या घरला ऱ्हानार. न्यायची आसंल तर पाट लाव (पुन्हा लग्न कर)."

पाट लावला की ती पुन्हा परस्थ, आणि जागा गेली! मी खूप भांडलो. म्हाताऱ्याला शास्त्र सांगितलं, कायदा सांगितला, हात जोडले. तो रागावलासुद्धा नाही. महादू खाली मान घालून उभा होता.

"वकीलसाब, कायतरी बोला की," धोंडीराम म्हणाला.

"आग लागू दे दुकानाला!" रखमा एकदम म्हणाली. "मी येती."

"येऊन खाशील काय?" त्यानं विचारलं.

ती खाली बसली. तो वाळू तुडवत एकटाच पलीकडं गेला.

मी तसाच सांगलीला आलो. कृष्णेच्या घाटावर अंघोळ केली, पण मन काही थाऱ्यावर येईना. पुण्याच्या गाडीत शेजारचे गृहस्थ स्वराज्य आता येतंच आहे म्हणून रंगात आले होते. मी हूं हूं करत राहिलो. स्वराज्य येईल, हे ओढे मिटतील, असं मलाही वाटत होतं. पण तोवर त्या दोघांनी काय करायचं? भर तारुण्यातली माणसं ती!

पुण्याला पोचलो आणि कंपनीला कळवायला बसलो. "सर्व कायदेशीर अडचणी दूर झाल्या आहेत. दुकान उघडण्यास हरकत नाही." शब्द न् शब्द खरा होता. पत्र लिहून मी दौत झाकली आणि पोरासारखा रडलो.