माझ्या सहीखालची रिकामी ओळ

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षात अडकले होते. मागे ट्रकचे भोंगे चाललेले, त्यातून तिच्या भावाचा आवाज आला, "मॅडम, आमची ताई गेली हो..." मी तिथंच हुंदके देऊन रडले. रिक्षावाल्याने बिचाऱ्याने गाडी कडेला घेतली. पण रडतानाच मनात काय आलं तेही सांगून टाकते. आता कॉलेजात शोकसभा होईल, हॉल भरून वाहील, आणि माझ्या वेळी इतकी माणसं येतील का? अशी मी. तिला जाऊन पाच आठवडे झाले आणि मला अजून तिचा हेवा वाटतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी नाशिकच्या एकाच कॉलेजात लागलो. मी इतिहास शिकवायची, ती जीवशास्त्र. ती मूळची सटाण्याची, शेतकऱ्याघरची. सुट्टीत एकदा तिच्या घरी गेले तर तिच्या आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हाई तुनी मैतरीन शे का?" विमल माझ्याकडे बघत हसली. म्हणाली, "मैत्रीण कसली, मास्तरीण आहे माझी. इतिहास शिकवते मला." दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. मला वाटलं, हिला इतिहास कशाला हवाय? आपले बेडूक आणि उंदीर सांभाळावेत ना! पण ती ऐकणारी नव्हती. आमच्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कागदी खिसा असायचा, त्यात कार्ड. पुस्तक न्यायचं तर कार्डावर सही आणि तारीख टाकायची. मी कुठलंही पुस्तक काढलं की आधी ते कार्ड बघायची. शिक्षणशास्त्र असो, शरीररचना असो, अगदी माझा इंग्रजी अमलाचा इतिहास असो, विमलची तिरपी सही तिथं आधीच हजर, आणि खाली माझी. भौतिकशास्त्रसुद्धा ती कादंबरीसारखं वाचायची. खूण म्हणून घरच्या कॅलेंडरचं रोज फाडायचं तारखेचं पान ठेवायची, त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात टिपणं काढायची आणि पुस्तक परत करताना सगळी पानं आठवणीने काढून घ्यायची.

माझी पीएच.डी. तेव्हा रखडली होती. इंग्रजांच्या काळातल्या शाळांनी मुलांच्या शरीराकडे कसं पाहिलं, हा विषय. आणि एके दिवशी कुणीतरी भेट दिलेल्या गठ्ठ्यात ते जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. शाळकरी मुलांची उंची, छातीचा घेर, दात, नजर, सगळं मोजून तक्त्यांत मांडलेलं. कार्ड कोरं! मी सही केली, पहिली, आणि लागतील तेवढे तक्ते आठवडाभरात वहीत उतरवून घेतले. मग कँटीनमध्ये विमल म्हणाली, "अगं, ते मोजमापांचं पुस्तक तुझ्याकडे आहे ना? झालं की सांग. शरीराचं आहे, म्हणजे थोडं माझंही आहेच की." हिने ते चार दिवसांत वाचलं असतं, आठव्या दिवशी लेख लिहिला असता, आणि विषय तिचा होऊन बसला असता. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक रीतसर परत केलं. ग्रंथपाल देवरे जेवायला गेले तशी ते पुन्हा उचललं आणि भौतिकशास्त्राच्या कपाटात, उष्णतेवरच्या पुस्तकांमागे, सगळ्यात खालच्या फळीवर सरकवून दिलं. देवऱ्यांनी दोन दिवस शोधलं, प्राचार्यांची बोलणी खाल्ली. विमलने पुन्हा विचारलं नाही. पुस्तकाकडे परत फिरकायची मला गरज नव्हती, आणि धीरही नव्हता.

काही दिवसांनी चहा पिताना ती सहज म्हणाली, "काय गं, त्या मोजमापवाल्या साहेबांनी मुलींना मोजलंच नसेल, नाही? आणि नसेल, तर का नसेल?" मी घरी जाऊन वही उघडली. खरंच, एकाही तक्त्यात मुलगी नव्हती. त्या एका प्रश्नावर मी अख्खं प्रकरण लिहिलं. परीक्षकांनी नेमकं तेच वाखाणलं. पुढे प्रबंधाचं पुस्तक झालं, तेव्हा प्रकाशनाला विमलच बोलली. "हा विषय हिचाच. दुसऱ्या कुणाला सुचला नसता." टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, हिला पत्ताच नाही! ऋणनिर्देशात तिला मी टंकलेखकाच्या बरोबरीने अर्धी ओळ दिली होती.

गेल्या आठवड्यात देवऱ्यांनी बोलावलं. संगणकावर नोंदी करायच्या म्हणून सगळी कपाटं रिकामी करताहेत. "मॅडम, बघा काय सापडलं! उष्णतेत पडलं होतं, इतकी वर्षं!" मी पुस्तक हातात घेतलं आणि आतून कॅलेंडरचं पान डोकावलं. तारीख मी लपवल्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली. पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'मुली कुठे आहेत? हिच्या प्रबंधात हे यायला हवं. आठवण करणे.'

मूर्ख तरी किती मी! सगळ्या कॉलेजात उष्णतेचं कपाट हौसेने धुंडाळणारी एकच बाई होती, आणि मी तिच्यापासून लपवायला नेमकं तेच निवडलं. तिला सापडलं, तिने वाचलं, आणि जिथं होतं तिथंच परत ठेवून दिलं. पान ती विसरली की मुद्दाम ठेवून गेली... कुणाला विचारू आता? माझं सगळ्यात गाजलेलं प्रकरण माझं नाही, तिचं आहे. हे कुठंतरी छापून यायला हवं, म्हणून हा लेख.

देवऱ्यांना मी तिथंच सांगितलं, "मीच लपवलं होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "माझी बोलणी खाऊन झाली मॅडम. आता कुठल्या कपाटात लावू ते सांगा."

मी शेवटच्या पानावरच्या खिशातून कार्ड काढलं. त्यावर माझी एकटीची सही होती, खालची ओळ रिकामी. देवऱ्यांचं पेन मागून घेतलं आणि तिथं विमलचं नाव लिहिलं, पुढे कॅलेंडरच्या पानावरची तारीख टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं नाव माझ्या नावाच्या खाली आलं होतं. मी ते बराच वेळ बघत उभी राहिले, आणि मला पुन्हा तिचाच हेवा वाटला.