गिअरबॉक्सच्या तेलाविषयी व्याह्यांचा अपप्रचार

"उमेळ्याच्या आप्पांना मी बजावून सांगितलं होतं, तेल चार नंबरचं घाला. त्यांनी हट्टाने पाच नंबरचं घातलं, गाडीचा गिअरबॉक्स जाम झाला, आणि नातीचं रुखवत कार्यालयात आलं ते मासळीच्या टेम्पोतून."

ही हकीकत आमचे नायगावचे व्याही प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला आणि एकदा तर एका दहाव्यालाही सांगून चुकले आहेत. ऐकणारे हसतात. (दहाव्याला हसणाऱ्यांविषयी मी मौन पाळतो.) वस्तुतः ते माझी नात प्राची हिचे सासरे, म्हणजे माझ्या मुलाचे व्याही; परंतु वाद त्यांनी थेट माझ्याशीच जुळवला. तेव्हा उत्तर देणे मला भाग आहे.

वादाची सुरुवात साखरपुड्याला झाली. वाडीतली केळी आणि पापडी वाहणारी माझी पिकअप त्यांच्या टॉवरच्या फाटकातून आत शिरताना दुसऱ्या गिअरला किंचित करकरली. किंचितच. व्याही फाटकाशी उभे होते.

"आप्पा, गाडीला खोकला झालाय वाटतं."

"तिला तुमच्या टॉवरची हवा मानवत नाही," मी म्हणालो.

हशा माझ्या वाक्याला अधिक झाला, हे नमूद करतो. तरीही बोल मनाला लागला. मी तिथेच चारचौघांत जाहीर केले, की प्राचीचे रुखवत याच गाडीतून येईल, आणि कार्यालयाच्या फाटकातून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अशी शिरेल की दारातले मांजरसुद्धा मान वळवणार नाही.

गिअरबॉक्सचे तेल बदलायला हवे, हे उघड होते. ते कोणते, एवढाच प्रश्न. व्याह्यांचा फोन न मागता आला.

"चार नंबरचं घ्या, आप्पा. गाडीच्या पुस्तकात बघा. पाच नंबरचं आतल्या पितळी कड्यांना खातं."

आता हे गृहस्थ मोटारींच्या कारखान्यात होते, हे खरे. पण हिशेब खात्यात. तिथे तेल त्यांनी पाहिले असेल तर ते कँटीनच्या भज्यांत. मी दुकानात गेलो आणि सरळ विचारले, "यातलं जड कामाचं कुठलं?"

"पाच नंबरचं, पण काका..."

"द्या."

'पण'च्या पुढचे ऐकण्याची सवय आमच्या घराण्यात नाही.

रुखवत न्यायच्या दिवशी सकाळी मी गाडी थोडी फिरवून आणली, कारण तेल गरम असले की चटकन वाहते. (हे ज्ञान माझे स्वतःचे आहे.) मग वाडीतल्या पाण्याच्या कोरड्या पाटावर ती आडवी उभी केली आणि पाटात उताणा होऊन तिच्या पोटाखाली सरकलो. जुने तेल धरायला स्वयंपाकघरातली मोठी परात घेतली होती.

"ती परात कुटं नेता?" आमच्या सौभाग्यवतींनी ओट्यावरून विचारले.

"गाडीखाली."

"तिच्यात कालच चकलीचं पीठ मळलंय मी."

"मग आता रिकामीच आहे."

यावर त्या जे बोलल्या ते रुखवताच्या दिवशी बोलू नये.

गिअरबॉक्सला दोन बुचे असतात. एक तळाशी, जुने तेल सोडायला. एक बाजूला वर, नवे भरायला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठच्या खाजणात भात पिकवणारी माणसे. आमचे शास्त्र साधे आहे: आधी उघाडी, म्हणजे बांधाचे दार, उघडून खारे पाणी खाली सोडावे, मग वरून गोडे घ्यावे. त्याच शास्त्राने मी आधी तळाचे बूच उघडले. एका हिसक्यात, कोणाच्याही मदतीशिवाय. काळेभोर तेल परातीत उतरले, आणि त्यात जरीसारखी पिवळी चकाकी होती. थेंबन्‌थेंब निथळू दिला. तळाचे बूच घट्ट लावले. मग मी वरच्या बुचाला हात घातला.

ते हलले नाही.

मी पाना लावला, पाना निसटला. रॉकेल ओतले, ते माझ्याच बाहीत उतरले. हातोडी मारली, तेव्हा बुचाची चौकोनी टोपी गोल झाली आणि पान्याचा तिच्याशी संबंध कायमचा संपला. एवढ्यात माझा मुलगा महेश आंघोळ करून आला आणि वाकून पाहू लागला.

"आप्पा, वरचं बूच आधी उघडून बघितलंत ना?"

"खालचं पाणी सोडल्याशिवाय वरून कोण घेतो?"

"ही गाडी आहे, आप्पा, खाजण नाही. वरचं नसतं उघडलं तर आपण निदान जुन्या तेलावर तरी गेलो असतो."

कृती झाल्यावर मिळणाऱ्या ज्ञानाला मी ज्ञान मानत नाही. तरी सुचवले, "मग जुनंच परत घालू."

"कुठून?" महेशने विचारले.

मी त्या गोल झालेल्या वरच्या बुचाकडे पाहिले.

"आता काय," सौभाग्यवती म्हणाल्या, "आजोबांनी डोक्यावर घ्यायचं रुखवत. जवळच तर हाय नायगाव."

लग्नसराईमुळे भाड्याची एकही गाडी मोकळी नव्हती. शेवटी माझा मित्र रामा टेम्पो घेऊन आला. तो मासळीचा होता, हे मी नाकारत नाही. परंतु त्यात मासळी नव्हती. ती पहाटेच बाजारात उतरली होती. टेम्पो धुतला होता, त्यात ऊद फिरवला होता. राहिला होता तो केवळ वास. चकल्यांचा मनोरा मांडीवर घेऊन सौभाग्यवती रामाशेजारी बसल्या आणि नायगावपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. (मी मागे रुखवताजवळ होतो, हेही एक कारण असू शकेल.)

कार्यालयाच्या फाटकात व्याही उभेच होते. इथे मी वाचकांचे लक्ष वेधतो: टेम्पो दुसऱ्या गिअरमध्ये, जराही न करकरता आत शिरला. ही गोष्ट व्याही कधीही सांगत नाहीत. ते फक्त म्हणाले, "आप्पा, खोकला बरा झाला. पण पथ्य बोंबलाचं दिसतंय."

त्यांच्या बहिणीने रुखवतातला लाडू नाकाशी नेऊन विचारले, "यात जायफळ आहे, की आणखी काही?"

"आमच्याकडं असाच करतात," सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या. संसारात त्यांनी माझी बाजू घेतल्याचे जे मोजके प्रसंग आहेत, त्यांत हा अग्रभागी आहे.

लग्न आटोपल्यावर, मी दुपारचा झोपलेलो असताना, महेशने गाडी ओढून नेली, ते बूच तापवून काढवून घेतले आणि गिअरबॉक्समध्ये चार नंबरचे तेल भरून आणले. तेव्हापासून गाडी करकरत नाही. त्यावरून व्याही जो निष्कर्ष काढतात, तो त्यांनी काढावा. मूळ आरोप मात्र असा आहे, की मी गाडीत चुकीचे तेल घातले. आणि त्यावर माझे एकच उत्तर आहे. पाच नंबरचा तो डबा उमेळ्याला माझ्या कपाटावर ठेवलेला आहे. त्याचे सील शाबूत आहे. ज्याला शंका असेल, त्याने येऊन पाहावे. रुखवताच्या दिवशी माझ्या गाडीत पाच नंबरचे तेल नव्हते. चार नंबरचेही नव्हते. तेलच नव्हते.