नानांनी घासाघीस करून काढलेलं विमानाचं तिकीट

त्या दिवशी सकाळी सोलापूरच्या नवी पेठेत आमच्या नानांनी विमानाच्या तिकिटाची घासाघीस केली. हो, विमानाच्या... भाजीच्या नव्हे!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही साखर पेठेतले विणकर, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. नाना, म्हणजे माझे वडील, चादरी विणायचे आणि विकायचेही. मोठा भाऊ अण्णा मात्र मागाला पार कंटाळला होता. वायरमनचं काम शिकून त्यानं आखातात नोकरी मिळवली. ठरल्या तारखेला हजर झाला नाहीस तर जागा दुसऱ्याला जाईल, असं त्याला बजावलं होतं.

नाना मुद्दाम दुकान उघडायच्या वेळेलाच एजंटाकडे गेले. बोहनीचं गिऱ्हाईक कुणी परत पाठवत नाही, हे त्यांचं गणित. अण्णा आणि मी मागे उभे... त्याला लाज वाटत होती आणि मला मजा.

एजंट भाव सांगायला लागला आणि आमचं डोकं गरगरलं. जाण्याचा वेगळा, येण्याजाण्याचा वेगळा, गटानं गेलात तर वेगळा... आणि एकाच कंपनीच्या एकाच विमानाचे पुन्हा दोन-तीन!

"विमान तेच, खुर्ची तीच, मग भाव एवढे कसे हो?" नानांनी विचारलं.

"ते कंपनीचं असतंय मालक. मला बी लई कळत न्हाय," एजंट म्हणाला. निदान खरं तरी बोलला बिचारा.

मग नाना नेहमीच्या पद्धतीनं उठले. चपला घातल्या, पायरी उतरले... आणि एजंटानं हाक मारली. मुंबईला ट्रंककॉल लागला आणि एका छोट्या परदेशी कंपनीचं तिकीट चांगलंच खाली आलं.

"कंपनीची जरा ओढाताण चाललीय, म्हणून सोडत्यात," एजंट म्हणाला. "पण मालक, ह्ये तिकीट ह्याच कंपनीला चालंल हां. दुसऱ्या विमानात बसू द्यायचे न्हाईत."

"आमाला कशाला दुसऱ्या विमानात बसायचंय?" नाना म्हणाले आणि सगळेच हसलो.

ओढाताण ऐकून तर ते उलट खूश झाले होते. नडलेला माणूस चादर स्वस्तात देतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. पण चादर कशी, खांद्यावर टाकली की आपली झाली. तिकिटाचं तसं नसतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आमच्या गल्लीतला युसूफ अण्णाबरोबरच नोकरीला लागला होता. त्यानं त्याच विमानाचं तिकीट पूर्ण भावात काढलं होतं. "फसलास की रं पोरा!" म्हणून नाना त्याला जाता-येता चिडवायचे. युसूफ नुसता हसायचा.

मुंबईच्या विमानतळावर नाना आणि मी अण्णाला पोचवायला गेलो. हार घातला, नारळ दिला. नाना बाकावर बसले आणि मी काचेला नाक लावून आत बघत राहिले.

विमान आलंच नाही. तेलाचे पैसे थकले होते, म्हणून कुठल्याशा देशात त्यात कुणी तेल भरेना. ते तिथंच अडकून पडलं होतं... आणि कंपनीचा माणूस काउंटरवर घाम पुसत उभा होता.

त्यानं युसूफचं तिकीट घेतलं, त्यावर शिक्का मारला आणि शेजारच्या कंपनीच्या काउंटरकडे बोट दाखवलं. युसूफ गेला. मग अण्णानं आपलं तिकीट पुढे केलं. त्या माणसानं ते उलटंसुलटं पाहिलं आणि मान हलवली. अण्णा हात जोडून काहीतरी बोलत होता... मला ऐकू येत नव्हतं, पण काय बोलत असेल ते कळत होतं. नवं तिकीट घेण्याएवढे पैसे आमच्याकडे नव्हतेच.

अण्णा ट्रंक घेऊन बाहेर आला. गळ्यात हार तसाच. "नाना, सगळ्यांचंच रद्द झालं," तो म्हणाला.

"युसूफ कुठाय?"

"त्याच्या मामूकडं थांबतोय म्हणाला." हे बोलताना त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. काचेतून पाहिलेलं मी नानांना सांगितलं नाही. आम्ही तिघं सोलापूरची गाडी पकडून परत आलो.

कंपनी बुडाली. अण्णाची जागा दुसऱ्याला मिळाली. तो पुन्हा मागावर बसला.

मग एक दिवस युसूफची अम्मी पेढे घेऊन आली. "हमारा युसूफ उसीच दिन पहुँच गया देखो, दुसरे विमान से... पूरे भाव का टिकट था ना," असं आनंदात सांगून गेली बिचारी. तिला काय माहीत! नानांचा माग थांबला. पलीकडे अण्णाचाही थांबला. मला वाटलं, आता काहीतरी होईल... पण नानांनी पेढा तोंडात टाकला, ते पाणी प्यायले आणि माग पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर नानांनी कधी कुणाशी घासाघीस केली नाही. सूतवाला म्हणेल तो भाव द्यायचे आणि गिऱ्हाईक म्हणेल त्या भावात चादर द्यायचे. धंदा बसत गेला. अण्णा सगळं बघायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. नानाही कधी काही विचारायचे नाहीत. दोघं शेजारी शेजारी विणत राहिले... वर्षानुवर्षं.

आता दोघंही नाहीत. आमच्या घरातून कधी चढा आवाज आला नाही म्हणून गल्लीत सगळे आमचं कौतुक करायचे. मला मात्र ते घर आठवलं की अजून गुदमरतं. एकदा तरी अण्णानं ओरडायला हवं होतं, "नाना, असं का केलंत?" आणि एकदा तरी नानांनी त्याच्यासमोर रडायला हवं होतं.